पऱ्हाटी, कवक आणि समई

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें शिरपूरकडे निघालें म्हणजे सोनगीर मागें पडल्यावर थोड्याच वेळांत नरडाणा हें गांव लागतें. शिंदखेडा तालुक्यांतील हें गांव नकाशांत लहान दिसलें तरी वाटेवरचें आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाचें स्टेशन येथें आहे, सरकारी औद्योगिक वसाहत येथें आहे, आणि मनमाडहून इंदुरास जाणाऱ्या ज्या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास सप्टेंबर २०२४ मध्यें मंजुरी मिळाली, तोहि धुळ्यावरून येथूनच जावयाचा आहे. आमच्या मातोश्रींच्या माहेरचीं कांहीं माणसें येथें तीन पिढ्या शेती करून राहिलीं आहेत. २०२५ च्या फेब्रुवारींत एका मुंजीच्या निमित्तानें आम्हीं तेथें आठ दिवस मुक्काम केला. मुंज यथासांग झाली, मांडे झाले, शेतावर वांग्याचें भरीतहि झालें. परंतु आज लिहावयाचें आहे तें त्या आठवड्यांत रोज संध्याकाळीं दिसणाऱ्या धुराविषयीं.

कापसाची वेचणी संपून शेतें मोकळीं होऊं लागलीं होतीं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाबांधावर रचलेले, आणि दिवे लागणीच्या सुमारास त्यांतील दोन-चार ढीग पेटलेले असत. आमचे मामेभाऊ अण्णा ह्यांच्या सालदारास आम्हीं विचारलें, “एवढ्या काड्यांचें तुम्ही करतां तरी काय?” त्यानें आमच्याकडे शहरी माणसाकडे पाहावें तसें पाहून अहिराणींत उत्तर दिलें, “काय करसूत दादा, जाळी टाकसूत.”

हें उत्तर एका गांवाचें नव्हे. हेक्टरीं दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, व साऱ्या हिंदुस्थानांत मिळून ती वर्षास तीन कोटी टनांच्या घरांत जाते, असा मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा अंदाज आहे. माटुंग्याची ही संस्था १९२४ सालीं स्थापन झाली. सूत किती बारीक निघेल हें पाहण्याकरितां उभारलेल्या ह्या प्रयोगशाळेनें पुढें कापसाच्या झाडाच्या काडीकडेहि लक्ष पुरविलें. काडी म्हणजे गवत नव्हे, तें लाकूडच आहे. तिच्यांत सुमारें एक चतुर्थांश लिग्निन, म्हणजे लाकडास कठीणपणा आणणारें द्रव्य असतें, आणि उरलेल्यांत बहुतेक भाग काष्ठतंतूंचा. ह्या संस्थेनें पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून दाबून केलेल्या फळ्या, कंपोस्ट खत, आणि पऱ्हाटीवर वाढविलेली अळिंबी, असे तिन्ही प्रयोग यशस्वी करून दाखविले आहेत. तरी बांधावरचा ढीग पेटतोच.

तो पेटण्यास एक कारण असें आहे कीं त्यास दोष देतां येत नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील कापूस धुऊन नेला, ती आठवण अद्याप ताजी आहे. ही अळी झाडावर राहिलेल्या कवडी बोंडांत सुप्तावस्थेंत पडून राहते व पुढल्या हंगामांत पुन्हां उठते. म्हणून फरदड घेऊं नका, डिसेंबरअखेर शेत मोकळें करा, पऱ्हाट्या शेताच्या कडेस साठवूं नका, असें कृषि खातें कंठरवानें सांगत असतें. शेतकऱ्यास ह्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे आगपेटी. अण्णा म्हणाले, “यंत्रानें बारीक करून जमिनींत गाडावी हें मलाहि कळतें, पण यंत्राचें भाडें द्यावें, डिझेल द्यावें, आणि त्यावर मजूर मिळेल तेव्हां मिळेल. काडी एक आण्याची.” ह्यावर आमच्याजवळ बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

आतां दुसरा ढीग पाहा. हा वाड्याच्या मागील अंगणांत, गोठ्याशेजारीं होता, आणि तो थर्माकोलचा होता. शीतकपाटाबरोबर आलेला, दूरचित्रवाणीबरोबर आलेला, आणि मुंजीच्या आहेरांतील मिक्सरबरोबर आलेला. ह्या पदार्थाच्या पोटांत शेंकडा पंच्याण्णवांहून अधिक हवाच असते, म्हणून तो जागा अडवितो फार आणि भंगारवाला त्यास हात लावीत नाहीं. गाईनें खाल्ला तर जिवावरचें, जाळला तर काळा विषारी धूर, आणि पुरला तर नातवंडांच्या नातवंडांस सांपडावयाचा. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्र सरकारनें थर्माकोलच्या ताटल्या, पेले आणि सजावटीच्या वस्तु ह्यांस बंदी केली, त्यामुळें गणपतीचें थर्माकोलचें मखर आपल्या घरांतून गेलें. तें गेलें हें फार चांगलें झालें. (लहानपणीं आम्हीं तापल्या तारेनें तीं मखरें कापलीं आहेत, तेव्हां हा शेरा पश्चात्तापाचा समजावा.) परंतु यंत्रें व कांचसामान ह्यांच्या खोक्यांत तो येतच राहिला, कारण तितकें हलकें आणि तितकें स्वस्त दुसरें कांहीं कारखानदारास सहजीं मिळत नाहीं.

हे दोन ढीग एकमेकांसमोर आणून ठेवण्याचें काम अण्णांच्या धाकट्या चिरंजीवानें केलें. तो कृषि महाविद्यालयांत शिकतो. रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर तो म्हणाला, “काका, पऱ्हाटीचा थर्माकोल होतो. कवक करून देतें.” आमच्या मातोश्री तेथेंच वाती वळीत बसल्या होत्या. ‘कवक’ हा शब्द ऐकतांच त्यांनीं मान वर केली. ज्या घरांत चातुर्मासांत कांदासुद्धां येत नाहीं, तेथें हा शब्द परिचयाचा असतोच. मनु व याज्ञवल्क्य ह्या दोघांनींहि लसूण-कांद्याच्या पंक्तीस भूछत्रहि बसवून तें द्विजांस वर्ज्य सांगितलें आहे. “खावयाचें नाहीं, आजी,” चिरंजीव म्हणाले, “नुसतें खोक्यांत घालावयाचें.” “मग माझें काय जातें,” म्हणून त्या पुन्हां वातींकडे वळल्या.

वाचकांपैकीं पुष्कळांस कवक म्हणजे पावसाळ्यांत उकिरड्यावर उगवणारी छत्री एवढेंच ठाऊक असतें. वास्तविक छत्री म्हणजे त्या जीवाचें केवळ फळ होय. त्याचा खरा देह मातींत अथवा कुजक्या लाकडांत पसरलेला असतो, आणि तो केसाहून बारीक अशा पांढऱ्या तंतूंचा बनलेला असतो. जुन्या ओंडक्याची साल सोलून पाहिली असतां आंत जी पांढरी जाळी दिसते ती हीच. ह्या तंतूंस पोट नाहीं. ते आपला पाचक रस बाहेरच सोडतात, लाकडांतील द्रव्यें विरघळवितात व तीं शोषून घेत पुढें सरकतात. लिग्निनसारखें चिवट द्रव्य पचविणारे जीव सृष्टींत फार थोडे आहेत. धिंगरी अळिंबी व तिचे भाऊबंद हे त्यांपैकीं प्रमुख होत. तंतूंच्या भिंतींत कायटिन नांवाचें द्रव्य असतें, जें झुरळाच्या व खेंकड्याच्या कवचांतहि सांपडतें. असे लक्षावधि तंतु भुशाच्या कणाकणांमधून शिरून एकमेकांत गुंतले म्हणजे सुटा भुसा आपोआप बांधला जातो. सरस नको, दाब नको, भट्टीहि नको. लाकूड कुजविणाऱ्या जीवास अर्ध्या वाटेवर थांबविलें, एवढीच काय ती युक्ति. थांबविलें नाहीं तर तो सगळें खाऊन माती करील. वेळींच वाळवून मारिला तर त्याचें जाळें राहतें आणि भुसा त्यांत अडकून राहतो.

ही युक्ति व्यापारांत आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील ईबन बेयर व गेव्हिन मॅकिंटायर ह्या दोन तरुण अभियंत्यांकडे जातें. बेयर ह्यांचें बालपण व्हरमाँट संस्थानांतील शेतावर गेलें. तेथें लाकडाच्या चुऱ्याच्या ढिगांत फावडें घालतांना चुऱ्याचे तुकडे पांढऱ्या जाळ्यानें एकमेकांस चिकटलेले त्यांनीं पाहिले होते. तें सर्वच शेतकरी पाहतात. २००७ सालीं ह्या दोघांनीं न्यू यॉर्क संस्थानांत ‘इकोव्हेटिव्ह’ नांवाची कंपनी काढली आणि मक्याची ताटें व तत्सम गदळ घेऊन त्यांवर कवक वाढवून वेष्टनें तयार केलीं. २०११ च्या सुमारास ‘डेल’ ह्या संगणक कंपनीनें आपल्या जड यंत्रांकरितां हीं वेष्टनें वापरण्यास आरंभ केला. २०१४ सालीं न्यू यॉर्क शहरांतील एका कलासंग्रहालयाच्या अंगणांत डेव्हिड बेंजामिन ह्या स्थापत्यविशारदानें अशाच कवकाच्या सुमारें १०,००० विटांचा मनोरा उभारला. उन्हाळा संपतांच तो उतरविला आणि विटांचें खत केलें. इमारत टिकावी म्हणून आपण झटतों. ही टिकूं नये म्हणून बांधलेली. आम्हांस तिचें कौतुक वाटलें, पण तें कौतुक जत्रेंतल्या वस्तूचें आहे, हेंहि खरें.

आमच्या कामाची गोष्ट निराळीच. टेक्सस संस्थानांतील लबक हें शहर म्हणजे तिकडचें खानदेशच, इतका तेथें कापूस पिकतो. तेथील सरकारी कापूस संशोधन केंद्रांतील ग्रेग होल्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं इकोव्हेटिव्हच्या मंडळींसह कापसाच्या झाडाच्या गदळाचीं सहा मिश्रणें करून त्यांवर कवक वाढविलें, आणि २०१२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थर्माकोलच्या जातीच्या फेसाळ पदार्थाशीं तुलना केली असतां हीं वेष्टनें बरोबरीचीं अथवा सरस ठरलीं. म्हणजे जी काडी नरडाण्याच्या बांधावर जळते तिच्याच सख्ख्या बहिणीची परीक्षा होऊन ती उत्तीर्ण झालेली आहे. आपल्या देशांत फरीदाबादची ‘धरक्षा’ नांवाची संस्था पंजाब-हरियाणांत जाळल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यापासून ह्याच रीतीनें वेष्टनें करीत आहे. पऱ्हाटी मात्र ज्या प्रांतांत पिकते तेथें अजून कोणी असें करतांना आमच्या दृष्टीस पडलें नाहीं.

दृष्टीस पडलें नाहीं तर करून पाहावें, असें ठरलें. धिंगरीचें बियाणें हल्लीं विकत मिळतें. ज्वारीच्या अगर गव्हाच्या उकडलेल्या दाण्यांवर कवक वाढवून तें पिशवींत भरलेलें असतें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन योजनेचें केंद्र आहे, व महाराष्ट्रांतील अळिंबी-उत्पादकांचें तें एका अर्थीं गुरुगृहच आहे. चिरंजीवांनीं तयार पिशवी आणली. शेजारच्या शेतावर भाड्यानें आलेल्या यंत्रांतून दोन टोपल्या पऱ्हाटी बारीक करून घेतली. नखाएवढे तुकडे झाले. ते रात्रभर भिजविले, आणि मुठींत दाबले असतां पाणी ठिबकणार नाहीं इतके निथळून घेतले.

पहिला प्रयोग पार फसला, व तो सर्वस्वीं आमच्या उतावळेपणानें फसला. मुंजीच्या मोठ्या पातेल्यांत चाळणी ठेवून आम्हीं भुसा वाफविला खरा, पण अर्धा तासच. वहिनींस चुलीवर दुसरें कांहीं ठेवावयाचें होतें आणि आम्हांसहि घाई झाली होती. शिवाय बियाणें मिसळतांना हात नुसते पंच्यास पुसले. चौथ्या दिवशीं पिशव्यांत पांढरें जाळें दिसण्याऐवजीं लोणच्यावर यावी तशी हिरवी बुरशी आली. वहिनींनीं एका दृष्टिक्षेपांत निदान केलें: “लोणच्याची बरणी अशीच बिघडते. ओला हात लागला.” ज्या घरांत सोंवळें कसोशीनें पाळून लोणचीं घातलीं जातात, त्या घरांतील स्त्रियांस हें शास्त्र वेगळें शिकवावें लागत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. पातेल्यावर झांकण बसवून पुरे दोन तास वाफ, थंड होईपर्यंत न उघडणें, स्पिरिटानें हात पुसणें, वारा बंद: दुसऱ्या खेपेचें सारें काम वहिनींनीं आपल्या हातीं घेतलें.

आमचा मुक्काम तेव्हां संपला होता. पुढील वृत्त आम्हांस पत्रानें व छायाचित्रांनीं कळत गेलें. किलोभर ओल्या भुशास सुमारें पन्नास ग्रॅम बियाणें घातलें होतें. बाराव्या दिवशीं पिशव्या आंतून दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. मग तो गोळा हातानें फोडून साच्यांत भरला. साचा म्हणून घरांतील चौकोनी डबा घेतला, आणि मध्यें पातळ कागदांत गुंडाळलेली मातोश्रींच्या माहेरची पितळी समई उलटी ठेवली. म्हणजे ठोकळ्यांत समईच्या बैठकीचा खळगा आपोआप पडावा. फुटलेले तंतु पुन्हां जुळण्यास पांच दिवस लागले. छत्री उगवण्यापूर्वींच ठोकळा बाहेर काढावयाचा असतो. छत्र्या उगवल्या तर त्यांचे बीजकण हवेंत पसरतात व दमेकऱ्यास त्रास देतात. ठोकळा दोन दिवस उन्हांत वाळविला, आणि मग केक भाजण्याच्या भट्टींत मंद आंचेवर कांहीं तास ठेवून कवक मारून टाकलें.

मार्चच्या अखेरीस समई पार्सलानें पुण्यास आली. खोक्याची एक कड दबली होती, आणि आंतील ठोकळ्याचा एक कोपरा झडून भुसा सांडला होता. समईस ओरखडाहि नव्हता. ठोकळ्याचा रंग साबुदाण्याच्या पापडासारखा, स्पर्श सालीसारखा मऊ, आणि वास ओल्या लाकडाचा पुसटसा. मातोश्रींनीं समई काढून घेतली, चिंचेनें घांसली आणि देवघरांत ठेवली. ठोकळा देवघराच्या उंबऱ्याच्या आंत नेण्यास त्यांनीं साफ नकार दिला.

ह्यावरून नरडाण्यास उद्यां कारखाना काढावा असें कोणी म्हणेल तर आम्ही त्यास थोडें थांबावयास सांगूं. थर्माकोल घनमीटरला पंधरा ते तीस किलो भरतो. हा पदार्थ शंभर किलोंच्या आगेमागे जातो, म्हणजे गाडीभाडें वाढलें. थर्माकोलचा ठोकळा साच्यांत कांहीं मिनिटांत फुगतो. ह्यास दोन-तीन आठवडे, नाहीं तर निष्णात कारखान्यांतहि एक आठवडा तरी लागतो, आणि तितके दिवस साचे अडकून पडतात. हा पाणी पितो, म्हणून पावसाळ्यांतील गोदामांत ह्याची निगा राखावी लागेल. उलट पक्षीं एक अनुकूल योग खानदेशास निसर्गानेंच दिला आहे. धिंगरीस वीस ते तीस अंशांची हवा मानवते, आणि पऱ्हाटी शेतांतून निघते ती नेमकी थंडींत. वाळविण्याचें काम पडतें तों वैशाखाचें ऊन येऊन उभें राहतें, व त्या उन्हाची उणीव तापीकांठीं कोणास भासल्याचें ऐकिवांत नाहीं. बोंडअळीच्या दृष्टीनेंहि हें बरें. मात्र ढीग उन्हाळाभर रचून ठेवावयाचे नाहींत. पऱ्हाटी उपटतांच तिचा चुरा झाला पाहिजे. ती बारीक होऊन वाफेंतून निघाली म्हणजे तिच्यांतील अळी पुढल्या हंगामास उठत नाहीं.

परंतु आम्हांस खरी काळजी वाटते ती ह्याहून निराळ्या गोष्टीची, आणि ती वहिनींनीं दाखवून दिली. बांधावरच्या सगळ्याच पऱ्हाट्या जळून वायां जातात असें नाहीं. संध्याकाळीं शेतमजुरांच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन जातांना आम्हीं पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ आमच्या ध्यानांत आला नव्हता. गॅसची टाकी घरीं असली तरी ती भरून आणण्यास पैसे लागतात. पऱ्हाटी फुकट असते. उद्यां तिला किलोमागें रुपया मिळूं लागला तर शेतकरी ती मोळी उचलूं देईल काय? “तुमचा मिक्सर फुटूं नये म्हणून तिची चूल विझायची,” असें वहिनींनीं पत्रांत लिहिलें आहे. पत्र अण्णांच्या हातचें असलें तरी वाक्य वहिनींचें, हें आम्ही ओळखतों. ह्यावर चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, एकरास टनभर पऱ्हाटी निघते, दहा घरांच्या चुलींस लागून ती उरते, आणि भुसा भिजविणें, वाफविणें, साचे भरणें हें काम त्याच बायांचें होईल. त्याची मजुरी टाकी भरण्यास पुरावी. पुरावी, पण पुरेल काय, हा वाद त्यांच्या घरांत अजून मिटलेला नाहीं.

पुण्यास आलेला ठोकळा आम्हीं एप्रिलच्या आरंभीं फोडून त्याचा अर्धा भाग कढीलिंबाच्या कुंडींत पुरला आणि अर्धा माळ्यावर कोरडा ठेवून दिला. दीड महिन्यांत तो विरतो, असें करणारे सांगतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत कुंडी उकरून पाहिली. पांढरें जाळें नाहींसें झालें होतें. पऱ्हाटीचे चार-दोन जाड तुकडे हातीं लागले, ते बोटांनीं चुरडले गेले. माळ्यावरचा अर्धा ठोकळा जसाचा तसा आहे. नरडाण्यास वहिनींनीं आश्विनांत पुन्हां बियाणें मागविण्याचें ठरविलें, आणि ह्या खेपेस साचा समईचा नसून गौरींच्या मुखवट्यांच्या पेटीचा करावयाचा आहे, असें कळविलें. मातोश्रींची त्यास एकच अट आहे: मुखवट्यांस आधीं धुतलेलें वस्त्र गुंडाळावें, मग खालीं कांहींहि असो.